पाटणादेवीचं खोरं, धबधबे आणि कुंडं : अनुभव धागा

खानदेश म्हटलं की केळी, कापूस आणि मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन एवढंच लोकांना आठवतं. त्याच खानदेशाच्या दक्षिण कडेला, सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी, पावसाळ्यात दोन-अडीच महिने कातळावरून पाणी उड्या घेत असतं. चाळीसगावपासून १८ किलोमीटरवर पाटणादेवी, म्हणजे चंडिकादेवीचं मंदिर. तिथून धवलतीर्थ आणि केदारकुंड या धबधबे-कुंडांकडची चाल घरातल्या सगळ्यांना जमेल अशी आहे. दर श्रावणात तेच प्रश्न येतात म्हणून हा धागा. 'आम्ही गेलो, धमाल केली' हे बाकी ठिकाणी लिहा. इथे कधी, कसं, काय न्यायचं आणि काय चुकतं तेवढंच येऊ द्या.

तितूरकाठ

आधी पाण्याचा हिशेब, कारण बाकी सगळं त्यावर आहे. या दरीचं पाणी दरीत पडत नाही, ते वरच्या पठारावर पडतं. वरचं पठार कन्नड तालुक्याचं, म्हणजे मराठवाड्याचं. तिथला पाऊस कड्यावरून खाली येतो, डोंगरी नदीला मिळतो, डोंगरी चाळीसगावात तितूरला आणि तितूर पुढे गिरणेला. म्हणून चाळीसगावात ऊन पडलंय की पाऊस, याला काडीचा अर्थ नाही. निघण्याआधी बघायचं ते कन्नडचं आभाळ. आमच्याकडे म्हणतात, "वर पानी पडनं का खाले पूर उनाच (आलाच) समज."

३१ ऑगस्ट २०२१ ला हेच झालं. रात्रभर डोंगरात पाऊस, कन्नड घाटात दरडी, आणि सकाळी डोंगरी-तितूरचं पाणी चाळीसगावच्या बाजारपेठेत. ज्या नाल्यात एरवी पोरं पाय बुडवून बसतात, तोच हा नाला.

महिन्यांचं गणित असं. जूनमध्ये धबधबा नसतो, असतो तो चिखल. जुलैत पाणी येतं पण गढूळ, आणि त्याचा भरवसा नसतो. १५ ऑगस्ट ते सप्टेंबरअखेर हा खरा काळ. नवरात्रात धार बारीक होते, पण कुंडातलं पाणी नितळ होतं. फोटोवाल्यांनी तेव्हा जावं, फक्त चंडिकादेवीला गर्दी असते हे धरून. दिवाळीनंतर राहिलं तर साचलेलं पाणी. ते प्यायचं नाही, त्यात उतरायचं नाही.

कातळवेडा

पाण्यात असताना पूर कसा ओळखायचा, ते सांगतो.

कुंडाशी पोचल्यावर पाण्याच्या अगदी कडेला, पाणी जेमतेम टेकेल असा मुठीएवढा दगड ठेवायचा. दर दहा मिनिटांनी एकाने त्याच्याकडे बघायचं. दगड बुडाला, तर वर पाऊस झालाय. डबे उघडे असले तरी तसेच उचलायचे आणि काठ चढायचा.

याशिवाय तीन खुणा. पाण्याचा रंग चहासारखा होऊ लागतो. वाळकी पानं, काटक्या, फेस एकदम वाढतो. आणि धारेच्या आवाजात एक जाड घरघर मिसळते. ते तळातले धोंडे सरकत असतात. तिसरी खूण ऐकू आली म्हणजे आधीच उशीर झालेला असतो. अशा वेळी नाल्यातून खाली पळू नये, पाणी माणसापेक्षा जलद येतं. सरळ बाजूला, उंचावर जायचं. मग अडकलात तरी चालेल. पाऊस थांबला की असले नाले काही तासांत उतरतात.

वाटसरू_४२४१०१

पादत्राणाबद्दल. चप्पल नको, नवे कोरे महाग बूट पण नकोत. भिजले तरी चालतील असे, खोल खाचांच्या रबरी तळाचे, पायात घट्ट बसणारे बूट घ्या. मोजे सुती नकोत, भिजून तासाभरात फोड येतात. एक कोरडी जोडी पिशवीत.

इथला दगड बेसाल्ट. कोरडा असेल तर काळा कातळ पाय धरून ठेवतो. ओला असला की दोन प्रकार: हिरवं जाड शेवाळ डोळ्याला दिसतं, म्हणून माणूस जपतो. पण काळ्या दगडावर काळीच, सायीसारखी पातळ बुळबुळ असते, ती दिसत नाही, आणि लोक पडतात ते तिच्यावर. पाय टाकण्याआधी बुटाच्या टोकाने घासून बघा. सटकलं तर तो दगड सोडा आणि खरबरीत वाळू-खडीवर पाय द्या, मग घोटाभर पाण्यातून जावं लागलं तरी चालेल. कोरडं राहण्याच्या हट्टापायी दगडावरून दगडावर उड्या मारणं हे मनगट मोडायचं सर्वांत सोपं साधन आहे.

सातमाळ्याची

भूगोल थोडा समजून घेतला तर धोका कुठे आहे ते आपोआप कळतं. लाव्हाचे थर एकावर एक, चपातीच्या चळतीसारखे. कठीण थर टिकतो, त्याच्या खालचा भुसभुशीत किंवा लालसर मातकट थर झिजतो. म्हणून धबधब्याच्या मागे पोकळी, वर पुढे आलेला ओठ, आणि पायथ्याशी पाण्याने खणलेलं कुंड. तो ओठ अधूनमधून तुटतो. धारेच्या बरोबर खाली उभं राहून डोक्यावर पाणी घ्यायची हौस सगळ्यांना असते, पण त्याच जागी वरून दगड येतात. पावसाच्या दिवसात तर नक्कीच नाही.

कुंडाची खोली सांगणारे पुष्कळ भेटतील. ऐकू नका. प्रत्येक पुरात तळाची खडी हलते, गेल्या वर्षी कमरेएवढं असलेलं यंदा डोक्याबाहेर असू शकतं. सूर मारणं पूर्ण बंद. काठाने, काठी टेकत, कमरेपर्यंत आणि बास. धारेजवळचं पाणी फेसाळ असतं, त्यात चांगला पोहणारासुद्धा तरंगत नाही, कारण फेसात निम्मी हवाच असते.

भाकरीवाली ताई

खाण्याचं कुणी लिहीना म्हणून मी. माणशी ३ लिटर पाणी घरून. वाटेत भरू असं म्हणायचं नाही, वरच्या पठारावर गुरं चरतात. सप्टेंबरातली उमस ऑक्टोबरच्या उन्हापेक्षा जास्त घाम काढते, तेव्हा ओआरएसची दोन पाकिटं ठेवा, एका लिटरला एकच.

डब्यात दशम्या. दुधात मळलेल्या असल्यामुळे दुपारपर्यंत वातड होत नाहीत. सोबत शेंगदाण्याची चटणी, कांदा, आणि केळी. केळी डब्यात ठेवा, पिशवीत मोकळी टाकली की त्यांचं शिकरण होतं. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी छान लागते पण दमट हवेत लवकर आंबूस होते, ती सकाळीच संपवा. रस्साभाजी नको. मंदिराशी वानरं असतात, त्यांच्या समोर पिशवी उघडायची नाही आणि त्यांना काही द्यायचं नाही. प्लास्टिक परत आणायचं, हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

तितूरकाठ

ताई, कळण्याच्या भाकरीबद्दल असहमत, पण धागा भरकटेल.

गौताळाप्रेमी

हा सगळा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. १९८६ ला जाहीर झालेलं, २६० चौरस किलोमीटरचं. (औट्रम म्हणजे खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम, कन्नड घाटाला त्याचंच नाव.) म्हणजे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करूनच आत. पाणी जास्त असलं की धबधब्याची वाट बंद करतात, तेव्हा रखवालदाराशी हुज्जत घालू नये. 'नाल्याला पाणी कालपेक्षा जास्त का?' एवढं त्यालाच विचारा, त्याच्याइतकं नेमकं उत्तर कुठल्या ॲपवर मिळायचं नाही.

बिबट्या आहे. दिवसा, चार माणसांच्या आवाजात, तो वाटेला येत नाही. मुलांना मात्र पुढे पळू देऊ नका आणि अंधाराआधी बाहेर या. दरी उत्तरेला उघडते, कडा दक्षिणेला, त्यामुळे सप्टेंबरपासून तळातलं ऊन लवकर जातं. घड्याळात चार वाजले तरी खाली संध्याकाळच असते. सकाळी ८ ला चालायला लागा, दुपारी २ ला परत फिरा, धबधबा दिसला असो वा नसो.

झाडं बघायची असतील तर अंजन आणि सालई. सालईची साल कागदासारखी सुटते. ओढून काढू नये.

दवाखान्याजवळचा

साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही या पट्ट्यात. फुरसं दगडाच्या फटीत आणि पालापाचोळ्यात, हाताएवढंसुद्धा नाही. हात टाकण्याआधी जागा बघा. चावलाच तर कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. अंगठी-कडं काढा, पाय फळीला किंवा काठीला बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, उचलून न्या. १०८ लावा, दरीत रेंज धरून चालू नये, एकाने मोकळ्यावर पळत जाऊन फोन करायचा. सापाला मारून सोबत आणण्यात वेळ घालवू नका.

आग्यामोहळ. कड्याखाली लोंबणारी काळी पोळी दिसली की आवाज कमी, धूर नाही, अत्तर-स्प्रे नाही, दगड मारणारा कार्टा असेल तर त्याला आवरा. माश्या उठल्याच तर हात झाडत बसू नका, तोंड झाकून लांब पळा. पाण्यात बुडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात. काटा चिमटीत धरून उपटू नका, नखाने खरवडून काढा.

कातळवेडा

नाला ओलांडण्याचं राहिलं. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल तर ओलांडायचं नाही, विषय संपला. गुडघ्याखाली असेल तर अरुंद जागा शोधू नका, रुंद शोधा. रुंद जागी पाणी उथळ असतं. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच पाय हलवायचा. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा आधी सोडून ठेवा, पडलात तर पिशवी फेकता आली पाहिजे. बूट काढून जाऊ नका.

लेणीकर

पितळखोऱ्याच्या लेण्यांना खालून, पाटणादेवीच्या बाजूने घळीतून चढता येतं, पण 'सोपी चाल' हे शब्द तिथे लागू नाहीत. धोंड्यांची वाट, आणि पाणी आलं तर बाजूला निघायला जागा कमी. पावसाळ्यात पितळखोरं बघायचं तर कन्नडकडून, वरून पायऱ्या उतरून जा. धबधबा लेण्यांच्या शेजारीच पडतो. तिथे चौथ्या लेण्याशी पाच फण्यांचा नाग कोरलाय, वरून आलेलं पाणी त्या फण्यांतून बाहेर पडावं म्हणून आत मार्ग खोदलेला. इसवी सनापूर्वीची लेणी ही. या दरीतलं पाणी कुठून येतं आणि कुठे सोडायचं, याचा विचार तेव्हाच झालेला.

खाली पाटणा गावातही घाई करू नका. शके ११२८ चा शिलालेख तिथलाच, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याबद्दलचा. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला.

जळगावकर

ज्यांना चालायचंच नाही त्यांच्यासाठी अजिंठा. वाघूर नदी लेण्यांच्या टोकाला सात टप्प्यांत पडते, ते सप्तकुंड. पाण्यात उतरायचं नाही, लांबून बघायचं. सोमवारी लेणी बंद असतात, हे विसरून दरवर्षी गाड्या फर्दापूरहून परत फिरतात. यावल तालुक्यात मनुदेवीचा धबधबा मंदिरासमोरच आहे, वयस्कर मंडळींना तो बरा.

भाकरीवाली ताई

परतीचं कुणी सांगितलं नाही. रेल्वेने येणाऱ्यांनी चाळीसगाव स्टेशनावर रिक्षा ठरवताना जाण्या-येण्याची आणि थांबायची अशी दोन्हीची बोली आधी करा, आणि रिक्षावाल्याला अडीचची वेळ द्या. तो तीनला येतो.