चिकन दुकानातली आतडी-पिसं माशांना घालावीत का? (खानापूर)

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. खानापूरजवळ अर्ध्या एकराचं तळं आहे, रोहू-कटला सोडलेत. शेंगपेंड परवडेना झालीय. गावातला चिकनवाला आतडी, पिसं फुकट घेऊन जा म्हणतोय. घालू का? निपाणी-चिकोडीकडं कोण घालत असेल तर सांगा.

वेदगंगा_मत्स्य
दादा, कच्चं अजिबात नको. रोहू-कटला आतडी खाणारे मासे नव्हेत. ती तळाशी कुजणार, ऑक्सिजन संपणार, अमोनिया वाढणार. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडायला लागले की धावपळ तुमचीच. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची भीती वेगळी. असल्या घाणीवर पोसतात तो थाई मागूर हा परदेशी मांसखाऊ मासा, आणि त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. कुणी त्याचं बीज देतो म्हणालं तरी घेऊ नका.

मलप्रभाकाठ
मग चुलीवर शिजवून, वाळवून घातलं तर?

हुक्केरी_फीड
विचार चांगला आहे, एवढं प्रोटीन वाया जातंय हे खरंच. पण उघड्या कढईत 100 अंशांच्या वर उष्णता जात नाही. प्राण्यांचे असले टाकाऊ भाग शिजवायची युरोपातली सगळ्यात कडक पद्धत म्हणजे 133 अंश, 3 बार दाब, 20 मिनिटं. ते कारखान्याचं काम. पिसांत 80 टक्क्यांवर प्रोटीन असतं, पण दाबाखाली शिजल्याशिवाय ते माशाला पचत नाही, आणि पचलं तरी लायसिन (प्रोटीनमधला वाढीला लागणारा एक घटक) कमी पडतं.

त्यापेक्षा तयार पोल्ट्री मील, म्हणजे कोंबडीच्या उरलेल्या भागांचा कारखान्यात शिजवून दळलेला भुगा, घ्या. चांगल्यात 60 टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं. 100 किलोला मील 10, शेंगपेंड 40, भाताचा कोंडा 48, खनिज मिश्रण 2 किलो. प्रोटीन 28 टक्क्यांजवळ येतं, रोहू-कटल्याला पुरे. प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागा. त्यात राख (जाळल्यावर उरणारी खनिजं) फार असेल तर हाडंच जास्त दळलीत असं समजा.

गाईगुरांच्या हाडामांसाचा भुगा मात्र टाळा. मॅड काऊ या खाद्यातून पसरणाऱ्या गुरांच्या मेंदूच्या रोगामुळं युरोपनं 2001 साली पशुखाद्यात प्राण्यांचं प्रोटीन बंद केलं. 2013 मध्ये माशांसाठी कोंबडी-डुकराचं परत सुरू झालं, रवंथ करणाऱ्या जनावरांचं नाही.

वेदगंगा_मत्स्य
आणि खानापूरचा पाऊस बघता पोती फळीवर ठेवा. पेंडीला बुरशी आली की ती टाकूनच द्यायची, उन्हात वाळवून विष जात नाही.

मलप्रभाकाठ
चिकनवाल्याला नको म्हणून सांगतो. बेळगावात रिपोर्टसकट मील देणारा कोण माहीत असेल तर कळवा.