पाच एचपी इंजिन: नोझल की पंप?

प्रश्न: विहिरीवरचं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन आठवडाभर काळा धूर सोडत होतं. परवा टाकी कोरडी होऊन बंद पडलं. डिझेल भरलं, वीस वेळा हँडल मारलं, तरी दाद देत नाही. फिटर म्हणतो डिझेलचा पंप बदला. कांदा पाण्याला आलाय, काय करू?

उत्तर: दादा, पंपाला आत्ता हात लावू नका. टाकी कोरडी झाली म्हणजे लाइनीत हवा शिरली. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळा. मग पंपाकडचा स्क्रू. शेवटी नोझलकडचा (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारा भाग) नट सैल करून हँडल फिरवा, डिझेल आलं की आवळा. परत फिरवताना नोझल 'कर्र कर्र' बोललं पाहिजे.

उत्तर: धुराचं वेगळं बघा. आधी एअर फिल्टर साफ करा, मग नोझल काढून टेस्टरवर, म्हणजे फवारा तपासायच्या यंत्रावर, लावून घ्या. धुक्यासारखा फवारा हवा, टोकाला थेंब नको. फवाऱ्यापुढे बोट कधीच धरू नका! दाब 200 बारच्या आसपास असतो, डिझेल कातडीत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा. नोझलची सुई आणि बॉडी ही जोडी असते, दुसऱ्या नोझलची सुई घालू नका.

प्रश्नकर्ता: हवा काढली, तिसऱ्या हँडलला चालू झालं! नोझल काढलं तर भोकात जुना तांब्याचा वायसर चिकटलेला, त्यावरच नवा बसवलेला. दोन्ही काढले. नोझल उद्या टेस्टिंगला नेतो.