मदत हवी आहे: विमानात कॉन्टिनेंटल इंजिनाच्या जागी रोटॅक्स ९१२ बसवताना माउंट (इंजिन धरणारा नळ्यांचा सांगाडा) किती लांब ठेवायचा?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात दोन आसनी, नळीच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं विमान बांधतोय. आराखडा कॉन्टिनेंटल ओ-२०० साठीचा, हाती आहे रोटॅक्स ९१२ यूएलएस. प्रॉपेलर, एक्झॉस्ट धरून आराखड्यातलं इंजिन ९८ किलो, आमचं रेडिएटर, तेलाची टाकीही धरून काट्यावर ७८ भरलं. आराखड्यात हा भार रिकाम्या विमानाच्या सीजीपासून (गुरुत्वमध्यापासून) १०५ सेंमी पुढे येतो. माउंट किती वाढवू? बॅटरी ७ किलोची, सीजीच्या १२० सेंमी मागे आहे. आणि उद्यमनगरातल्या आर्गॉन वेल्डरला ४१३० (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या) नळीबद्दल नेमकं काय सांगायचं?

प्रतिसाद १
बॅटरीचं लिहिलंत ते बरं केलंत, उत्तर तिथेच आहे. वजन गुणिले अंतर तेवढंच राहायला हवं. नुसतं इंजिन सरकवायचं तर ९८ × १०५ भागिले ७८, म्हणजे १३२ सेंमी. नाक २७ सेंमीनं वाढेल. असं करू नका. पुढचं अंग वाढलं की विमानाची दिशा टिकवण्याची ताकद घटते, मग शेपटीचा उभा भाग मोठा करत बसावं लागतं.
आता बॅटरी फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या आगरोधक भिंतीला), केबिनच्या बाजूने लावून बघा. ती जागा सीजीच्या ७५ सेंमी पुढे धरली तर बॅटरी १९५ सेंमी सरकली: ७ × १९५ = १३६५. इंजिनाची तूट २० × १०५ = २१००. उरले ७३५, भागिले ७८, म्हणजे साधारण साडेनऊ सेंमी. माउंट तेवढाच वाढवा. हा हिशोब वेल्डिंगच्या आधी, सांगाडा लेव्हलला ठेवून प्रत्यक्ष वजन करून पुन्हा करा.

प्रतिसाद २
भावा, वेल्डरला पहिलं हे सांग: शिवणीची एमएस (साध्या पोलादाची) नळी चालणार नाही, सीमलेस ४१३० च हवी. फिलर (जोडात वितळवायची तार) ईआर७०एस-२. जोड गरम असताना पाणी नाही, पंख्याचा वारासुद्धा नाही. चटकन थंड झाली की ४१३० जोडाशेजारी कडक आणि ठिसूळ होते, आणि इंजिनाच्या थरथरीने तडा नेमका तिथेच जातो.
१० मिमी प्लेटवर जिग (नळ्या जागच्या जागी धरणारा साचा) कर. एका प्लेटवर फायरवॉलची भोकं, दुसरीवर इंजिनाची. खऱ्या इंजिनावर टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) मारू नको, वेल्डिंगचा करंट इग्निशन मॉड्यूल घालवू शकतो. आधी सगळे टॅक, मग समोरासमोरचे जोड आलटून पालटून. जिगमधून काढल्यावर बोल्ट हाताने आत गेले पाहिजेत. पान्याने ओढून बसवलेला माउंट कायम ताणात राहतो.
फायरवॉलचे एएन६ बोल्ट असतील तर १८ ते २१ न्यूटन मीटर, वर लॉकनट (आपोआप ढिला न होणारा नट) नुसता फिरवायला लागणारा जोर मिळव. अंदाजाने आवळलेला बोल्ट हमखास जास्त ताणला जातो. इंजिनाच्या बाजूला नायलॉनचा नट नको, १२० अंशांपुढे त्याचा भरवसा नाही. धातूचा लॉकनट वापर.

प्रश्नकर्ता
खूप आभार. इंजिन उजवीकडे थोडं वळवून बसवतात तो कोन आराखड्यातला तसाच ठेवू का?

प्रतिसाद ३
हो. पायलटच्या सीटवरून पाहिलं तर दोन्ही प्रॉपेलर घड्याळाच्या दिशेनेच फिरतात. एक मात्र जपा: रोटॅक्सला गिअरबॉक्स आहे, प्रॉपेलरचा दांडा क्रँकशाफ्टच्या वर येतो. आराखड्यातल्या रेषेवर हा दांडा आणायचा, क्रँककेस नव्हे. क्रँककेस जुळवलीत तर ओढीची रेषा वर जाते आणि पॉवर देताच नाक खाली दबतं.
तेलाची टाकी दांड्याच्या रेषेपेक्षा वर लावू नका, विमान उभं असताना तेल क्रँककेसमध्ये झिरपतं. इंजिन ते सांगाडा जाड अर्थची पट्टी विसरू नका, नाहीतर स्टार्टरचा करंट थ्रॉटलच्या केबलमधून जाऊन ती जळते. माउंटचे रबर बुश काही तासांत दबून बसतात, म्हणून स्पिनर (प्रॉपेलरची टोपी) काउलिंगपेक्षा (इंजिनावरच्या आवरणापेक्षा) ३ मिमी वर ठेवा. काउलिंगचं माप घ्यायचं ते इंजिन लटकवल्यानंतरच.