मदत हवी आहे: पास्त्रामी मधोमध राखाडी का राहिली?
मी जर्सी सिटीत असतो. न्यूयॉर्कच्या डेलीत (सँडविच-मांसाच्या दुकानात) मिळते तशी पास्त्रामी, म्हणजे खारवून धुरी दिलेलं गोमांस, घरी केली. 2 किलो ब्रिस्केट (गाईच्या छातीकडचं मांस), 2 लिटर पाणी, मीठ, ब्राउन शुगर, लसूण, तमालपत्र, मोहरी आणि 10 ग्रॅम मांस मुरवायचं गुलाबी क्युरिंग मीठ, म्हणजे 6.25 टक्के सोडियम नायट्राइटवालं. (आपलं सैंधव नव्हे, गल्लत करू नका!) फ्रीजमध्ये 5 दिवस मुरवून, धणे-मिऱ्यांची भरड चोळून धुरी दिली, मग वाफवलं. घरभर भाजल्या धण्यांचा घमघमाट. पण कापलं तर कडा गुलाबी आणि मधे दोन बोटं राखाडी पट्टा. गुलाबी रंग नायट्राइटमुळे येतो, ते आत पोचलंच नसावं. ते अंदाजाने वाढवणार नाही, जास्त झालं तर विषारी असतं. मग दिवस वाढवू, की सुईने खारं पाणी आत टोचू? घरी केलेल्यांनी कृपया सांगा, शनिवारी पुन्हा मुरवायला घालायचंय.