थर्मोस्टॅट काढून टाकू नका, आधी तपासा

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत, पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरकडचा प्रवाह अडवणारी झडप) काढून टाकायचा, असा सल्ला काही जण देतात, तो पटला नाही. इंजिन कायम थंड राहिलं की पेट्रोल जास्त जातं, झीजही वाढते. त्यापेक्षा तो काढून पातेल्यातल्या पाण्यात दोरीने लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका, आणि शेजारी थर्मामीटर धरून पाणी तापवा. थर्मोस्टॅट ८२ अंश सेल्सिअसला उघडणारा असेल तर त्याच्या आसपास झडप उघडायला लागते, पूर्ण उघडायला आणखी दहाएक अंश. पाणी उकळलं तरी मिटलेलीच राहिली तर बदला. बसवताना मेणाची डबी (तापल्यावर झडप उघडणारा भाग) इंजिनकडे, हवा जायचं बारीक भोक वर.

गाडी उभी असतानाच तापत असेल तर पंखा आणि त्याचा पट्टा बघा. वेगात तापली तर रेडिएटर चोंदलाय का किंवा त्याचा खालचा होज (रबरी नळी) आत ओढला जाऊन चपटा होतोय का, ते पाहा.