जर्मनीत फी नाही, मग बारा लाख कशाचे?

काका, भाच्याच्या जर्मनीतल्या शिक्षणासाठी एजंटाने बारा लाखांचा आकडा सांगितला म्हणून तुम्ही घाबरलात, पण ती फी नव्हे. ते ब्लॉक्ड अकाउंट, तेही भाच्याच्याच नावावर. वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून ठेवायचे, तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ हातात येतात. भाडं, विमा, किराणा सगळं त्यातूनच. एजंटाच्या खात्यात दमडी टाकू नका.

‘सगळं फुकट’ हेही अर्धवट. श्टुटगार्ट, कार्ल्सरुहे, हायडेलबर्ग ही ज्या राज्यात येतात, तिथे आपल्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो लागतात. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानेही २०२४ पासून फी लावली. आम्हाला इथल्याच एका एजंटाने श्टुटगार्ट ‘फ्री’ म्हणून गळ्यात मारलं होतं. लेकीनेच विद्यापीठाची वेबसाइट उघडून दाखवली तेव्हा साहेबांना एकदम दुसरा फोन आला!

एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपल्या मार्कशीट-पदव्या खऱ्या असल्याचा दाखला, मात्र लवकर काढा, त्याशिवाय व्हिसाचं पान हलत नाही.

आणि बॅग. लेक निघाली तेव्हा बायकोने शेंगाचटणीच्या चार पुड्या, कडक भाकऱ्या आणि घरच्या तुपाचा डबा भरला होता. तूप, पेढे काढायला लावले, दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरून नेऊ देत नाहीत. चादरीवरून तर वजनकाट्यापाशी भांडण, एकटीनेच पावणेदोन किलो खाल्ले. शेवटी दोन जीन्स घरी राहिल्या, चादर गेली. नोव्हेंबरात लेकीचा फोन आला, अजून एक पाठवता येईल का म्हणून.