एनजिनेक्सची कॉन्फिग उडवली, परत कशी आणू?

मंडळी, उबंटू 22.04 वर एनजिनेक्स (वेब सर्व्हर) आहे, काल रात्री साफसफाईच्या नादात ईटीसी (सेटिंग्जचं फोल्डर) मधली एनजिनेक्स.कॉन्फ ही मुख्य कॉन्फिग फाईलच डिलीट केली, बॅकअप नाही (हो, माहितीये, शिव्या नंतर घाला). एनजिनेक्स रिमूव्ह करून परत टाकलं, दोनदा, तरी फाईल काही येत नाही. असं का?

उत्तर १:
रिमूव्हने कॉन्फिगला हात लागत नाही रे. आणि तू स्वतः डिलीट केलेली कॉन्फिग फाईल डीपीकेजी (उबंटूचं पॅकेज टाकणारं-काढणारं टूल) "मालकाला नकोय" असं समजून परत टाकतच नाही. रिइन्स्टॉल करताना --फोर्स-कॉन्फमिस हा डीपीकेजीचा ऑप्शन दे, म्हणजे गायब फाईली तेवढ्या परत येतात, बदललेल्या तशाच राहतात.

उत्तर २:
वरचं बरोबर, पण ती फाईल एनजिनेक्स पॅकेजची नाहीच, एनजिनेक्स-कॉमनची आहे, मी यात अख्खा रविवार घालवलाय. रिइन्स्टॉल त्याचं कर. कुठली फाईल कोणाची ते डीपीकेजी -एस (कॅपिटल एस) सांगतं.

उत्तर ३:
सरळ पर्ज (कॉन्फिगसकट पॅकेज काढणं) मारा ना, कटकट नको.

उत्तर २:
अहो पर्जने उरलेल्या कॉन्फिगपण जातील, साईट्स-अव्हेलेबल (साईट्सच्या कॉन्फिगचं फोल्डर) आधी दुसरीकडे कॉपी केल्याशिवाय नको.

प्रश्नकर्ता:
आली! कॉमनच होतं. एनजिनेक्स -टी (कॉन्फिग तपासणारी कमांड) ओके म्हणालं मग रीलोड केलं. आता ईटीसी गिटमध्ये (फाईलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारं टूल) टाकतोय.